धाकटीची साखळी

४ मे, सोमवार

घड्याळराव आज तिला "वा!" म्हणाले. सगळ्यांसमोर.

मला इतक्या वर्षांत एक "वा" मिळालेलं नाही. मला मिळतं ते "ठीक, पुढे?" आणि मनगटाकडे एक नजर. म्हणून तर साहेबांचं नाव घड्याळराव पडलं. त्यांना ते माहीत असावं. रागवायला वेळ नसेल.

ती म्हणजे धाकटी. माझ्या दिराची बायको. राहते आमच्याच डोक्यावर, वरच्या मजल्यावर, आणि गेल्या हिवाळ्यापासून ऑफिसात माझ्या मागच्या टेबलावर. घरी जाऊ, ऑफिसात जाऊ — मी जाऊ कुठे?

आणि तिला तिथे आणलं कुणी? मीच! नवरा म्हणाला, "तुमच्याकडे जागा आहे ना, तिच्यासाठी एक शब्द टाक." मी चार टाकले. हुशार आहे, कष्टाळू आहे, शिकायची तयारी आहे, घरचीच आहे. पायावर धोंडा मारून घ्यायचा तर नेम धरून मारावा, तसा मारला.

विमानतळाच्या नव्या टर्मिनलचं काम आमच्याकडे येतंय. त्याला एक प्रमुख नेमणार आहेत. ती खुर्ची माझी. निदान आज सकाळपर्यंत तरी माझीच होती.

५ मे, मंगळवार

अजून तेच "वा" कानात. दुसरं काही लिहिण्यासारखं नाही.

६ मे, बुधवार

आता कळलं "वा" कशाबद्दल होतं. माझ्याच कोडबद्दल! म्हणजे ते काढून टाकण्याबद्दल.

विमानतळावर पट्ट्यावरून बॅग जाते, तिच्या चिठ्ठीवर लाल उजेड पडतो आणि एक नोंद तयार होते: कुठली बॅग, कुठे, केव्हा. या नोंदी आम्ही विमान कंपन्यांना पाठवतो. एकेक पाठवत बसलं तर जन्म जाईल, म्हणून गठ्ठे बांधून पाठवायच्या. ऑफिसात बॅच म्हणतात. गठ्ठे बांधणारं कोड मी लिहिलं, एकटीने, तेव्हा धाकटी बहुधा शाळेत वेण्या घालत असेल.

सुट्ट्यांच्या गर्दीत गठ्ठे मागे पडतात. हे खरं आहे. बॅग मागच्या खोलीत उभी असते आणि संगणक म्हणतो, आलीच नाही. मग खिडकीशी भांडणं. आम्ही इतके दिवस म्हणत होतो, मशीन जुनं आहे. धाकटी म्हणते, मशीन नाही, यादी!

माझी यादी म्हणजे ॲरे. खुर्च्यांची रांग समज. पुढचा उठून गेला की मागचे सगळे एकेक खुर्ची पुढे सरकतात. लाख जण बसले असतील तर एक उठल्यावर लाख जणांनी सरकायचं. दुसरा उठला, पुन्हा सगळ्यांनी सरकायचं. "ताई, काम थोडं आणि सरकासरकीच जास्त होतेय बघा," म्हणाली. सरकासरकी! माझ्या कोडमध्ये!

तिला हवी लिंक्ड लिस्ट. साखळी. तिथे रांग नाही, खुर्च्या नाहीत. प्रत्येकाच्या हातात एक चिठ्ठी — माझ्यानंतर अमका, तो तमक्या कोपऱ्यात उभा आहे. पुढचा गेला तर गेला, बाकीच्यांनी जागचं हलायचं नाही.

मी म्हटलं, साखळीतला मधला कुणी हवा असेल तर पहिल्यापासून विचारत जावं लागतं. शिवाय चिठ्ठ्यांना जागा लागते. आणि सगळे मेमरीत चारी दिशांना पांगलेले, त्यांना गोळा करता करता मशीनचा जीव जातो. हे सगळं खरंच आहे. आम्हाला मधला कधी लागत नाही, हेही खरं आहे. ते मी बोलले नाही.

घरी आल्यावर नवऱ्याला सगळं समजावलं. खुर्च्या, चिठ्ठ्या, सगळं. नीट ऐकून घेतलं त्याने. म्हणाला, "मग तिचंच बरोबर आहे की!"

त्याला आज भाजी दुसऱ्यांदा वाढली नाही.

८ मे, शुक्रवार

आमच्याकडे एकटीने बदल करता येत नाही. एकाने लिहायचं, दुसऱ्याने वाचून "चालेल" म्हणायचं, मगच ते पुढे जातं. बिघडलं तर दोघांचं नाव लागतं. धाकटीने वाचायला कुणाला निवडावं? मला! ऑफिसात एवढी माणसं असताना. जखमेवर मीठ चोळायचं तर ते माझ्याच हातून.

वाचलं. बारीक बघितलं, चाळणीतून काढल्यासारखं. चूक सापडेना. नावंसुद्धा चांगली दिलीत प्रत्येक गोष्टीला. माझ्या कोडमध्ये एका डब्याचं नाव "तात्पुरतं" आहे आणि ते दहा वर्षं तिथेच आहे.

मी "चालेल" म्हटलं नाही. लिहिलं, "मोजल्याशिवाय सांगता येत नाही." घड्याळराव म्हणाले, "बरोबर. दोन्ही मोजा. मंगळवारी आकडे घेऊन या." मोजायचं काम माझ्याकडे. बघू या आता.

९ मे, शनिवार

सासूबाई राहतात आमच्याकडे, खाली. पण फोनवरची अक्षरं मोठी करून घ्यायला वर जातात! मी करून दिली नसती? मला विचारलंच नाही. "तू दमून येतेस गं," म्हणे. आणि धाकटी कुठून येते, बागेतून?

खाली आल्या त्या मोठमोठी अक्षरं दाखवत. "बघ, किती सोपं केलं हिने." वाचवेना इतकी मोठी केलीत. एका शब्दाला एक अख्खी ओळ. मी म्हटलं, "छान."

१० मे, रविवार

धाकटी खाली आली होती. जिन्याच्या दारात उभी राहून म्हणाली, "ताई, तुमचं जुनं कोड पहिल्यापासून वाचून काढलं. इतकं नीट लिहिलंय तुम्ही. मला नसतं जमलं."

टोमणा! नाहीतर काय? ज्या घराला पाडायला निघालीस त्याच्या दाराचं कौतुक कशाला?

११ मे, सोमवार

जिंकले!

आज मोजमाप केलं. लाखभर खोट्या बॅगा तयार केल्या, एका मूळ यादीत भरल्या. आधी तिची पाळी: मूळ यादीतून एकेक बॅग उचलायची, साखळीत अडकवायची, गठ्ठे बांधायचे. मग माझी पाळी: तसंच सगळं, फक्त साखळीऐवजी ॲरे. दोघींना तीच मूळ यादी, त्याच बॅगा, तेच मशीन. उगाच पक्षपात केला म्हणायला नको कुणी.

तिची साखळी — मी पाणी पिऊन आले, बाटली भरून आणली, तरी चालूच. माझा ॲरे — बटण दाबलं आणि संपलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत!

पुन्हा केलं. तेच. तिसऱ्यांदा केलं. शंका होती म्हणून नाही. बघायला बरं वाटत होतं.

घरी गुणगुणतच शिरले. नवरा म्हणाला, "काय झालं?" म्हटलं, "काही नाही. भाजी घे अजून."

१२ मे, मंगळवार

बैठक झाली. पडद्यावर दोन्ही आकडे मोठ्या अक्षरांत लावले (सासूबाईंच्या फोनसारखे). घड्याळराव घड्याळ विसरले! "एवढा फरक?" म्हणाले. मी म्हटलं, "ॲरेतल्या नोंदी एकमेकींना लागून असतात. मशीनला ते आवडतं." एकदम तज्ज्ञ.

शंकासुराला अर्थातच पटलं नाही. तो आमचा तपासनीस. दुसऱ्यांनी केलेल्या कामात खोट काढणं हाच त्याचा धंदा, आणि तो त्याला मनापासून आवडतो. "आकडा फार चांगला आहे," म्हणाला. "मला फार चांगले आकडे आवडत नाहीत." सगळे हसले. मीही हसले.

धाकटी हसली नाही. पडद्याकडे बघत बसली होती, बराच वेळ. ओठ हलत होते, हिशेब करत असल्यासारखे. मला वाटलं आता काहीतरी बोलेल. मी तयारीतच होते. पण तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "ताई म्हणतात तर बरोबरच असणार. मी माझा बदल मागे घेते."

एवढंच! ना वाद, ना प्रश्न.

टर्मिनलची माणसं पुढच्या आठवड्यात शुक्रवारी, बावीसला, येणार आहेत. त्यांच्यापुढे मीच बोलायचं, हेच आकडे दाखवायचे. आणि घड्याळराव दाराशी हळूच म्हणाले, "सगळं नीट झालं तर नव्या कामाचं प्रमुखपद तुमच्याकडेच द्यावं म्हणतो."

खुर्ची!

१४ मे, गुरुवार

हरल्यावर माणसाने जरा हरल्यासारखं वागावं की नाही? ही सकाळी नेहमीसारखी आली, खिडकीतल्या रोपाला पाणी घातलं, कामाला लागली. दुपारी सगळे तिच्याभोवती. "असू दे गं, पहिलाच प्रयत्न होता." एकाने तिला आपल्या डब्यातलं दिलं. माझ्याभोवती कोण? कुणी नाही. जिंकलेल्याला डब्यातलं कुणी देत नाही.

म्हणजे आता मी तिच्या हरण्यावरही जळायचं. कमाल आहे माझी.

१७ मे, रविवार

सासूबाईंच्या हातात सध्या जाडजूड कादंबरी. दिवसभर खुर्चीत. चहा दिला तरी मान वर नाही. केसातली पिन खुणेला ठेवतात, मग केस सुटतात, मग "माझी पिन कुठे गेली" म्हणून घरभर शोध. मी म्हटलं, पुस्तकात. रोज म्हणते.

कपडे वाळत घालायला गच्चीवर चालले होते. वरच्यांचं दार अर्धं उघडं. धाकटी दिराशी बोलत होती, आवाज चढलेला. "शुक्रवारपर्यंत थांब रे. शुक्रवारी कळेलच सगळ्यांना!"

पायरीवरच थबकले. शुक्रवारी काय कळणार? राजीनामा देतेय वाटतं. खरं तर मला नाचावंसं वाटायला हवं. थोडं वाटलंही. मग बादली फार जड लागायला लागली. घरात काय सांगणार? मोठीने धाकटीला घालवलं? सासूबाई मला एक शब्द बोलणार नाहीत, फक्त जेवताना माझ्याकडे बघणार नाहीत. तेवढं पुरेल.

१८ मे, सोमवार

लिहवत नाही. पण लिहायला हवं.

शंकासुर सकाळी टेबलाशी आला. "ते मोजमाप मला चालवून बघायचंय. एक ओळ वाढवा फक्त. प्रत्येकीने किती बॅगा पाठवल्या, तेवढं छापा." म्हटलं, देते. किती लागतंय, एक ओळ! ओळ घातली, चालवलं.

साखळीने पाठवलेल्या बॅगा: सगळ्या, लाखभर.

माझ्या ॲरेने पाठवलेल्या बॅगा: शून्य.

मला आधी कळेचना. मशीन बिघडलं वाटलं. पुन्हा चालवलं. शून्य. मग कळलं आणि कानशिलं तापली. मूळ यादी एकच होती. धाकटीच्या पाळीत तिच्यातून एकेक बॅग उचलली, म्हणजे काढूनच घेतली. तिची पाळी संपली तेव्हा यादी रिकामी. मग माझी पाळी आली. रिकाम्या पट्ट्यासमोर उभी राहून मी दाखवत होते, बघा मी किती चपळ आहे!

आणि पुढचं तर ऐक. तिच्या पाळीला एवढा वेळ का लागला? कारण मूळ यादी ॲरेची होती. पुढून एक बॅग उचलली की मागच्या सगळ्या सरकत होत्या. तिच्या नावावर जो आळशीपणा मी पडद्यावर लावला, तो माझ्याच यादीच्या सरकासरकीचा होता.

चूक सुधारली. दोघींना वेगवेगळ्या भरलेल्या याद्या दिल्या, आणि मूळ यादीतून काही काढायचं नाही, नुसतं वाचत जायचं. आता साखळी झटक्यात संपली. माझा ॲरे — मी पाणी पिऊन आले. चालूच होता.

शंकासुर जाता जाता म्हणाला, "झालं का?" म्हटलं, "देते उद्या."

१९ मे, मंगळवार

दिलं नाही. "थोडं साफ करून देते" म्हटलं. त्याने मान हलवली. त्याची मान कधीच सरळ हलत नाही.

कुणाला कळणार आहे? ते मोजमाप फक्त माझ्या मशीनवर आहे. शुक्रवारी दहा मिनिटं बोलायचं, आकडे दाखवायचे, खुर्ची मिळाली की मग सावकाश, गुपचूप, यादी बदलायची. कुणाचं नुकसान? बॅगांचं तर नाही.

धाकटीचं? ती जाणारच आहे.

नवऱ्याने विचारलं, "गप्प का?" म्हटलं, डोकं दुखतंय. तो डोक्याला लावायचं मलम घेऊन आला. ते लावून बसले. दुखत होतं दुसरीकडेच.

२० मे, बुधवार

सासूबाईंची पिन आज खरंच हरवली. पुस्तकात नव्हती. कुठवर वाचलं ते सापडेना म्हणून हिरमुसल्या. मी चेष्टेत म्हटलं, "वाचलेलं पान फाडून टाकत जा. म्हणजे नेहमी पहिलंच पान पुढे." त्या दचकल्या. "पुस्तक फाडतं का कुणी? बोट ठेवायचं नुसतं!"

मी हातातलं ताट तसंच धरून उभी.

बोट ठेवायचं. कुणाला खुर्चीवरून उठवायचंच कशाला? ॲरे आहे तसा ठेवायचा. कुठवर आलो तिथे बोट. गठ्ठ्याएवढे झाले की तेवढा तुकडा पाठवायचा आणि बोट पुढे न्यायचं. अख्खी रांग संपली की सगळी एकदम रिकामी. सरकणं नाही, चिठ्ठ्या नाहीत, शोधाशोध नाही. आणि खुर्च्या पहिल्यापासूनच पुरेशा मांडायच्या, म्हणजे मध्येच जागा कमी पडली म्हणून सगळा लवाजमा दुसऱ्या खोलीत हलवायला नको.

हे मला माहीत नव्हतं असं नाही. हे पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवतात. सुचलं नाही, कारण इतके दिवस मी यादीकडे बघतच नव्हते. मी धाकटीकडे बघत होते.

लगेच करून बघितलं. या वेळी बॅगा मोजून. लाखभर गेल्या, सगळ्या. माझ्या जुन्या ॲरेपेक्षा तर वेगवान आहेच, तिच्या साखळीपेक्षाही. खूप.

आणि मग सैतान आला, खुर्ची ओढून शेजारी बसला. म्हणाला, अगं मग आता काय अडलंय? शुक्रवारी ही नवी यादी दाखव. वेगवान आहेच. बैठकीतला आकडा खोटा होता हे सांगायचं कशाला? "थोडी सुधारणा केली" म्हण. खोटं एक अक्षर बोलावं लागणार नाही. खुर्ची तुझी. आणि धाकटी हरली ती हरलीच.

तिला हरवलेलंच राहू द्यायचं. हाच भाग मला सगळ्यात गोड लागला. म्हणूनच तर भीती वाटली माझी मला.

२१ मे, गुरुवार

सांगितलं.

सकाळच्या बैठकीत, सगळ्यांसमोर. आधी घड्याळरावांना एकट्याला गाठावं असं वाटलं होतं. पण धाकटीला चारचौघांत खाली पाडलं, तर उचलायचंही चारचौघांतच.

उभी राहिले. म्हटलं, "मागच्या आठवड्यातले माझे आकडे खोटे आहेत. मुद्दाम नाही केलं, पण या सोमवारी कळलं आणि तीन दिवस मी गप्प बसले, ते मुद्दाम. माझ्या यादीने एकही बॅग पाठवली नव्हती. साखळीच वेगवान होती. धाकटीचं बरोबर होतं, तिची माफी मागते." ऑफिसात तिला धाकटी म्हणायचं नाही असं ठरवलेलं. तोंडातून गेलं.

मग बोटाची युक्ती सांगितली. खरे आकडे दाखवले, शेजारी बॅगांची संख्या लावून. शंकासुराने वहीत काहीतरी लिहिलं आणि पहिल्यांदाच मान सरळ हलवली.

घड्याळराव घड्याळाकडे बघत नव्हते. ते जास्त वाईट असतं. "उद्या पाहुण्यांसमोर हा आकडा गेला असता," म्हणाले. "त्यांच्याकडे हे सगळं कळणारी माणसं आहेत." मी म्हटलं, "हो." म्हणाले, "मग उद्या बोलायचं काम तपासनिसाला देतो. तुम्ही त्याला सगळं समजावून द्या."

एवढंच. ओरडले असते तर बरं झालं असतं.

धाकटीकडे बघायचं धाडस होत नव्हतं, तरी बघितलं. वाटलं, आता तरी हसेल. हक्कच आहे तिचा! पण तिचा चेहरा पांढराफटक. माझ्यापेक्षा जास्त. डोकं दुखतंय सांगून दुपारीच घरी गेली. माझी माफी तिला नको असेल. नसू दे. मलाही मागणं जड गेलं.

२२ मे, शुक्रवार

पाहुणे आले. शंकासुर बोलला. माझी यादी, माझं बोट, माझे आकडे. एका पाहुणीने विचारलं, "सगळ्या बॅगा मोजल्या ना?" तो म्हणाला, "दोनदा. माझा कुणावर विश्वास नाही." त्यावर ते एवढे खूश झाले की बास! जाताना त्याचाच हात धरून हलवत होते.

नव्या टर्मिनलचा प्रमुख: शंकासुर.

तो माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, "मला वाटतं चूक झाली त्यांची." खरंच तसं वाटतंय त्याला. त्याला काय, स्वतःचाही भरवसा नाही. पण खुर्चीत बसणार तोच. माझ्या बोटावर चढून बसणार.

नवऱ्याला सांगताना रडले. थोडंच. तो म्हणाला, "तू सांगितलंस ते बरं केलंस." तो असंच म्हणणार. त्याच्या वाट्याची खुर्ची थोडीच गेली?

धाकटी आज दिवसभर माझ्या टेबलाला वळसा घालून जात होती. रोपालाही पाणी घातलं नाही.

२३ मे, शनिवार

सकाळी दार वाजलं. धाकटी. डोळे सुजलेले. आत येईना, दारातच उभी. म्हणाली, "ताई, मला मंगळवारीच कळलं होतं. बैठकीत. लाख बॅगांना नुसता हात लावायला तुमच्या ॲरेच्या आकड्याहून जास्त वेळ लागतो. मी मुद्दाम बोलले नाही. शुक्रवारी पाहुण्यांसमोर तुमची फजिती व्हायला हवी होती मला."

मी म्हटलं, "का गं?"

"लग्न करून आले तेव्हापासून ऐकतेय. मोठीला विचार. मोठी बघ कसं करते. ऑफिसात गेले तर तिथेही तुमचंच नाव! तुमचं कोड, तुमची पद्धत. झोप येत नाही मला, ताई. इतकी जळते मी तुमच्यावर."

माझ्यावर!

चिडायला हवं होतं मी. पण हसू आवरेना. तिचा हात धरून आत ओढली, दार लावलं, खुर्चीत बसवलं. म्हटलं, "सगळं सांग. पहिल्यापासून. काही गाळू नकोस."